शेवटच्या पाण्यातलं मीठ

आधी मॅडमांचं सांगते, मग झालं काय ते.

मॅडम कोथरूडच्या. वयानं माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान असतील. केस पेन्सिलीनं वर खोचलेले, पायात कायम एकच चप्पल, आणि बोलणं असं की त्यांनी नुसती वेळ विचारली तरी आपलं काय चुकलं ते माणूस आठवायला लागतो. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या बुरशीवर काम करतात आणि मी तिथली काचेची भांडी धुते. माझं काम त्यांच्यामुळे टिकलं. मला चोर म्हणायची वेळ आली होती, ती त्यांनी टाळली. आणि कमरेचा नायटा गेला तोही त्यांच्यामुळेच. त्याआधीचे चार महिने मात्र मी त्यांच्यावर संशय घेत होते. हे एकदा लिहून टाकलं की पुढचं सांगायला बरं पडेल.

मी भंडारा जिल्ह्यातली. गावची शाळा सातवीपर्यंत. आठवीची शाळा वैनगंगेपलीकडे. एक पावसाळा नावेनं गेले, दुसऱ्या पावसाळ्यात आईनं खुंटीवरचं दप्तर काढू दिलं नाही. शिक्षण तेवढंच. मराठी वाचायला आवडतं. इंग्रजी अक्षरं एकेकटी भेटली तर ओळखते, घोळक्यानं आली की मला ओळख देत नाहीत. लग्न होऊन पुण्याला आले. नवरा खराडीला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत आहे आणि आमची खोली कात्रजला. त्याला कामावर पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आमच्याकडे माणूस दुसऱ्या तालुक्याच्या बाजाराला जाऊन सामान घेऊन परत निघतो.

आधी मी कोथरूडला चार घरची धुणीभांडी करायचे. दिवसभर साडी कमरेपाशी ओली, हात ओले. दुसऱ्या वर्षी परकराच्या नाडीखाली नायटा उठला. रुपयाएवढा होता, मग बशीएवढा झाला. बोटांच्या बेचक्यांतही पांढरं झालं. एका घरच्या काकूंनी माझी बोटं पाहिली आणि म्हणाल्या, "उद्यापासून नको येऊस हं. तसं काही नाही, आम्ही मशीन घेतोय." मशीन काही आलं नाही. माझ्या जागी आलेली बाई मला बसस्टॉपवर भेटायची, तीच सांगायची. तेव्हापासून मी एक धरून चालले की हे कोणाला दिसता कामा नये. दिसलं की काम गेलं.

कात्रजच्या मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. लावल्यावर दोन दिवसांत खाज बंद. मी त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडले. चार दिवसांनी ट्यूब थांबवली तर नायटा परत आला, आधीपेक्षा मोठा. परत ट्यूब, परत बंद, परत आला. असं वर्षभर चाललं. ट्यूब मी पिशवीत डब्याखाली ठेवायचे, रुमालात गुंडाळून.

मग ठेकेदारामार्फत हे कॉलेजचं काम मिळालं. बसून खायला खुर्ची, वर पंखा, आणि "ए बाई" म्हणणारं कोणी नाही. पहिल्या दिवशी स्टोअर सांभाळणाऱ्या काकांनी मला सगळं दाखवलं. काका निवृत्तीला आलेले, चष्मा दोरीनं गळ्यात.

"मावशी, हे धुवायचं, ते वाळवायचं, आणि लाल पट्टी असलेल्याला हात लावायचा नाही. लावलात तर मला सांगायला येऊ नका. मला आपोआप कळेल."

झाकणाच्या चपट्या ताटल्यांची चळत होती. आत पांढरी लव वाढलेली. मी विचारलं, "ह्यात काय आहे जी?"

"नायटा," काका म्हणाले, साखर आहे म्हणावं तसं. "दवाखान्यातून येतो. लोकांच्या अंगावरून खरवडून आणतात आणि इथे त्याला खाऊपिऊ घालून मोठा करतात. तुमच्या पगारापेक्षा त्याच्या खाण्यावर जास्त जातात."

मी हसले नाही. कमरेला त्याच क्षणी खाज सुटली आणि मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

त्या दिवसापासून दोन गोष्टी माझ्या डोक्यात बसल्या. एक, ह्या लोकांना नायटा लांबूनही ओळखता येत असणार. दोन, ह्यांना तो पाहिजेच असतो. मला बघितलं तर एक तर बाहेर काढतील, नाही तर ठेवून घेतील आणि खरवडतील. कोणतं वाईट ते मला ठरवता येईना.

मॅडमांच्या बोटांच्या टोकांना काळे डाग असायचे. शाईसारखे, पण साबणानं न जाणारे. नखांच्या कडाही काळ्या. मला वाटलं, ही बाई दुसऱ्यांचा रोग बरा करायला निघालीय आणि हिच्याच हाताला काहीतरी लागलंय. शिवाय त्यांना सवय होती माझ्या हातांकडे बघायची. मी फ्लास्क पुढे केला की आधी फ्लास्क बघायच्या, मग माझी बोटं. बोलायच्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

एकदा त्यांनी पोतंभर हिरवा पाला आणला आणि टेबलावर ओतला. मी बघतच राहिले. तरोटा. आमच्याकडे पावसाळ्यात उकिरड्यावर, वाटेच्या कडेला, कुठंही उगवतो. कोवळा असताना भाजी करतो, आणि नायट्यावर वाटून लावतो. पुण्यात त्याला टाकळा म्हणतात. मॅडमांच्या हाताखाली शिकणाऱ्या पाच मुली हातमोजे घालून तो निवडत होत्या, केशर निवडावं तसा.

मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमच्या भागात हा खूप होतो ना? काय करतात त्याचं?"

मी म्हणाले, "काही नाही जी. ढोरंही खात नाहीत."

खोटं बोलले. का बोलले ते तेव्हा मला पक्कं माहीत होतं: आमच्या उकिरड्यावरचा पाला हे लोक नेणार, त्यात चांदी घालणार, ट्यूबमध्ये भरणार आणि आम्हालाच विकणार. आपण होऊन कशाला सांगायचं. मॅडमांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ढोरं शहाणी दिसतात तुमच्याकडची." एवढंच. त्यांना खोटं कळलं असं मला वाटलं, आणि आणखी एक भीती वाढली.

चांदी घालतात हे खरंच होतं. तरोट्याचा काढा करायच्या, गवती चहासारखा फिका पिवळा. कुलपातल्या गडद बाटलीत पांढरे खडे असायचे, अगदी जाड्या मिठासारखे. ती चांदीची पूड, पाण्यात विरघळणारी. ते पाणी काढ्यात घालून गरम पाण्यात ठेवलं की रंग चढत जायचा. पिवळ्याचा कोरा चहा, कोऱ्या चहाची काकवी. मॅडम म्हणायच्या, हीच चांदी. पाल्यातल्या रसानं तिचे इतके बारीक कण होतात की ती पांढरी दिसायचं विसरते. मी मान हलवली. चांदी मी पाहिलेली आहे, माझ्या आईच्या पायात होती. काकवीसारखी चांदी मला कोणी सांगावी आणि मी ऐकावी?

मग त्या तपकिरी पाण्याचे थेंब नायट्याच्या ताटलीत ठेवायच्या. काही दिवसांनी ताटली पाहिली की सगळीकडे बुरशी आणि थेंबाभोवती स्वच्छ गोल. तो गोल मात्र मी मान्य केला. माझ्या कमरेवर तसाच गोल होता, फक्त मधला मोकळा भाग मोठा होत चालला होता तो रोग पसरल्यामुळे. इथं मोकळी जागा औषधाची होती. ताटली धुवायला येण्याआधी मोठ्या कुकरमध्ये उकळून यायची, तरी मी ती हातात धरून उभी राहायचे.

पावसाळा भरात आला आणि मॅडमांचं बिनसायला लागलं. ताटल्यांत भलतीच बुरशी उगवायची, हिरवी-काळी, त्यांनी न पेरलेली. मी सिंकपाशी होते आणि त्या काकांना सांगत होत्या, "बाहेरून काहीतरी येतंय. कुठून येतंय ते शोधायला पाहिजे."

काका म्हणाले, "पुण्यात बाहेरून सगळंच येतं."

ते आपलं नेहमीसारखं बोलले. मला वाटलं माझ्यावर बोलले. बाहेरून आलेली मी. अंगावर बुरशी घेऊन आलेली मी. माझ्याच हातांनी ती फ्लास्कात जातेय आणि फ्लास्कातून ताटलीत. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सांगून टाक." मी म्हटलं, "आणि काम?" त्यानं कूस बदलली. गेटवर उभं राहून त्यालाही कळलं होतं की खरं सांगणाऱ्यांना आत सोडतात असं काही नसतं.

तेव्हा मी माझ्या मनानं एक उपाय केला. इथं धुण्याची रीत ठरलेली होती: साबण, मग नळाचं पाणी, आणि शेवटी मोठ्या पांढऱ्या कॅनमधलं पाणी, एकदा फिरवून ओतून द्यायचं. काकांनी सांगितलं होतं की त्या पाण्यात काहीच नसतं, म्हणून ते शेवटी. हे मला कधी पटलं नाही. ज्या पाण्यात काहीच नाही ते राखणार काय? आई लोणच्याची बरणी धुतली की आतून मिठाचा हात फिरवायची आणि उन्हात पालथी घालायची. तिच्या बरणीला वर्षभर बुरशी नाही. नायट्यावरही आम्ही मिठाचं पाणी लावायचो, झोंबायचं पण बरं वाटायचं. मी घरून मिठाची पुडी आणली, सिंकखाली फिनाईलच्या बाटलीमागे ठेवली, आणि कॅनचं पाणी झाल्यावर प्रत्येक फ्लास्कात मिठाचं पाणी फिरवायला लागले. फार नाही, तांब्याभर पाण्यात चिमूटभर. मग वाळवायच्या कपाटात. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर विचारलं असतं, का?

दोन-तीन दिवस मला फार बरं वाटलं. आपल्या हातची घाण आपण अडवली.

मग काढा तपकिरी होईना. चांदीचं पाणी पडलं की फ्लास्क पांढुरका व्हायचा, ताकाच्या निवळीसारखा, आणि उजेडात राहिला की राखेसारखा करडा. मॅडमांनी पाला बदलला. काढा नवा केला. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडा गेला. त्यांना लवकरच मोठ्या सरांना काम दाखवायचं होतं. ते दाखवता आलं नाही तर कामाला पुढच्या वर्षाचे पैसे मिळणार नाहीत, असं मुली आपसांत बोलत होत्या. मॅडम जेवायला जाईनाशा झाल्या. डबा टेबलावर तसाच.

मी मात्र समजत होते की त्यांना माझा संशय आलाय आणि त्या पुरावा गोळा करताहेत. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, हे आता कळतं. तेव्हा त्यांचं न बघणंही मला बघण्यासारखंच वाटायचं.

काकांनी आपला निकाल आधीच लावला होता. "मॅडम, पाला आणि काढा सोडा. बाटली बघा. चांदी आहे ती. दिसते मिठासारखी. कोणी निम्मी काढून घेतली आणि मीठ भरलं तर तुम्हाला आणि मला काय कळणार?"

"कुलपाची किल्ली तुमच्याकडे असते, काका."

"म्हणूनच म्हणतोय. उद्या मला विचाराल. त्याआधी मी विचारून ठेवतो."

आणि त्या दुपारी त्यांनी फिनाईल घ्यायला सिंकखाली हात घातला.

पुडी त्यांनी दोन बोटांत धरून आणली, मेलेला उंदीर आणावा तशी, आणि मॅडमांच्या टेबलावर ठेवली. मला बोलावलं. मुली लेक्चरला गेल्या होत्या. आम्ही तिघंच.

"मावशी, हे आपलं?"

मी मान हलवली.

"आपण इथे स्वयंपाक करता?"

इतकी वर्षं जपून पुण्यासारखं बोलायला शिकले होते, ते सगळं गेलं. "म्या काही घेतलं नाही जी. म्या त्या कपाटाले हात नाही लावला."

"कपाटाचं मी अजून काही बोललोच नव्हतो," काका म्हणाले.

मला कळलं की आता संपलं. काम तर गेलंच. वर चोरी. ठेकेदार दुसरीकडे कुठं लावणार नाही. नवऱ्याच्या कंपनीत समजलं तर चोराच्या नवऱ्याला गेटवर कोण ठेवील?

मॅडम उठल्या. मी धुऊन वाळवलेला एक फ्लास्क घेतला. दुसरा स्वतः सिंकपाशी नेला, कॅनच्या पाण्यानं तीनदा धुतला. दोन्हींत तेच कॅनचं पाणी ओतलं, मग काकांकडून किल्ली घेऊन गडद बाटली काढली, तिच्यातला खडा पाण्यात विरघळवला आणि दोन्हींत त्याचे थेंब सोडले. माझा फ्लास्क पांढरा झाला. त्यांचा काचेसारखा स्वच्छ राहिला.

"बघितलंत?" काका म्हणाले.

"बघितलं. फ्लास्क खारट आहे. बाटलीचं अजून कळायचंय."

मग त्यांनी आणखी एक फ्लास्क आपल्या हातानं धुतला, त्यात काढा घातला, तेच खड्याचं पाणी घातलं आणि गरम पाण्यात ठेवला. "बाटलीत चांदी असेल तर रंग येईल. मीठ असेल तर काढ्याचा काढाच राहील. बसा सगळे."

काका मला म्हणाले, "बसा मावशी. पळायचं असेल तर लिफ्ट बंद आहे."

तो तासभर मी विसरणार नाही. स्टुलावर बसून मी त्या पिवळ्या पाण्याकडे बघत होते. तोपर्यंत मी त्या तपकिरी रंगावर विश्वास ठेवला नव्हता, त्याला लबाडी म्हणत होते, आणि आता माझी अब्रू त्याच रंगावर येऊन टेकली होती. मध्येच मला वाटायचं, आला. काकांकडे बघायचे, ते चष्मा पुसायचे. मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या आणि त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. मला वाटलं, आधीच लिहून ठेवताहेत. माझ्यावरच.

मग कडेनं जरा गडद झालं. मी बोलले नाही; नजर लागेल असं वाटलं. थोड्या वेळानं कोऱ्या चहासारखा झाला आणि मग त्याचं काही लपवायचं राहिलं नाही.

"चांदी जागेवर आहे, काका," मॅडम म्हणाल्या. "तुमची किल्लीही सुटली."

काकांनी फ्लास्क खिडकीकडे धरून पाहिला. मग मिठाची पुडी उचलली. "ही मी ठेवून घेतो. माझ्या डब्यात काकडी असते आणि घरचे मीठ द्यायला विसरतात." ते दारापर्यंत गेले, थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चहा सांगतो. मावशींचाही." त्यांच्याकडून एवढंच येतं, हे मला आता माहीत आहे.

दार लागलं. मॅडम म्हणाल्या, "आता सांगा ताई. मीठ का?"

मी सांगितलं. बरणीचं सांगितलं, ज्या पाण्यात काहीच नाही त्याचं सांगितलं. त्या ऐकत होत्या.

"चांदी आणि मीठ भेटले की पांढरं होतं. बरणीला जपणारं मीठ माझ्या फ्लास्काला मारतं. ते सोडा. पण बुरशी अडवायची तुम्हाला काय गरज पडली?"

तेव्हा मी पदर सरकवून कंबर दाखवली. बोटं पुढे केली. आणि मान खाली घालून उभी राहिले, काकूंच्या दारात उभी राहिले होते तशी.

"किती दिवस?"

"दीड वर्ष होत आलं. इथं यायच्या आधीपासून आहे. तुमच्या ताटल्यांत माझंच येतंय जी."

"तुमचं नाही येत. ताटल्यांत जे येतंय ते हिरवं-काळं आहे, ते भाकरीवर येतं. एसी गळतोय, त्याच्या जाळीत शेती झालीय. काका उद्या काढणार आहेत." मग म्हणाल्या, "तुमची बोटं मी पहिल्या आठवड्यातच पाहिली होती. वाटत होतं तुम्ही होऊन विचाराल. म्हटलं, आपण कसं विचारायचं, लाज वाटेल तुम्हाला."

म्हणजे चार महिने आम्ही दोघी एकमेकींची लाज राखत होतो आणि मी त्याला पाळत समजत होते.

त्यांनी ट्यूब मागितली. मागच्या बाजूचं बारीक इंग्रजी त्यांनी मला वाचून दाखवलं, बोट ठेवून, एकेक शब्द. "ह्यात बुरशीचं औषध आहे, आणि हे बघा, खाज दाबणारंही आहे. हे दुसरं लावलं की वरून आग विझते आणि आत बुरशीला कोणी हटकत नाही. पुढे औषधांनाही दाद देत नाही कधी कधी. मेडिकलवाल्याला डॉक्टर कोणी केलं?"

"मीच जी."

"मग आता काढून टाका त्याला."

मी धीर करून विचारलं, "वहीत काय लिहिलं माझ्यावर?"

त्यांनी वही फिरवली. मराठीत नव्हतं, मग त्यांनीच सांगितलं: काच धुताना शेवटचं पाणी कोणतं ते सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. पद्धत लेखी दिलेली नव्हती. चूक माझी. खाली त्यांची सही. मी विश्वास ठेवला नाही. इंग्रजी कोण वाचणार? पण दोन दिवसांनी मोठे सर आले आणि मी बाहेर व्हरांडा पुसत होते. सरांनी विचारलं आठवडा कुठं गेला. मॅडम म्हणाल्या, "माझ्या पद्धतीत दोष होता, सर. सापडला." सर बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. सिंकचं, मिठाचं, बाईचं एक अक्षर काढलं नाही. व्हरांडा मी तीनदा पुसला.

शनिवारी त्या मला स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या, चामडीच्या ओपीडीत. रांगेत त्या माझ्याबरोबर उभ्या होत्या आणि मी अजून हिशेब लावत होते की ह्यात ह्यांचं काय. डॉक्टरीणबाईंनी पात्यानं कमरेवरचं जरासं खरवडून काचेच्या पट्टीवर घेतलं, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: हेच पाहिजे होतं तर. माझा नायटा ताटलीत घालणार. मी मॅडमांकडे पाहिलं. त्या मोबाईलमध्ये बघत होत्या. डॉक्टरीणबाईंनी पट्टीवर थेंब टाकला, दुर्बिणीत पाहिलं, आणि काम झाल्यावर पट्टी डब्यात टाकून दिली. ती घ्यायला कोणी आलं नाही. स्कूटरवर परत बसताना मला मॅडमांच्या खांद्याला धरायची लाज वाटली.

गोळ्या आणि मलम दिलं. बरं वाटलं तरी सांगितल्या दिवसापर्यंत औषध थांबवायचं नाही, नवऱ्याचीही तपासणी करायची, टॉवेल वेगळा, कपडे पूर्ण वाळवून घालायचे.

तरी माझा स्वभाव गेला नव्हता. दोन आठवड्यांनी मी विचारलंच. "ते तुमचं तपकिरी पाणी थोडं दिलं असतं तर? ताटलीत तर साफ करतं."

"नाही."

"एवढंसं जी. बाटलीच्या झाकणात."

"नाही म्हटलं ना."

मला राग आला. आमचा तरोटा, आमच्यासारख्यांचा नायटा, आणि औषध तयार झालं की आम्हालाच नाही. बहुतेक ते माझ्या तोंडावर दिसलं. मॅडमांनी हातातलं काम ठेवलं आणि आपली बोटं माझ्यापुढे धरली.

"हे काळे डाग बघा. त्या पाण्यात न बदललेली चांदी उरली तर असे डाग पडतात. माझ्या बोटांवर पडले तर आठवड्या-दोन आठवड्यांत जातात. तुमच्या सोललेल्या कमरेवर काय होईल, मला माहीत नाही. ताटलीत तर फिनाईलनंही बुरशी मरते. लावाल? ताटलीला कातडी नसते, रक्त नसतं, पोट नसतं. माणसाला लावायच्या आधी खूप जणांनी खूप वर्षं तपासायचं असतं, आणि तरीही बहुतेक गोष्टी निकामी ठरतात. माझीही ठरेल कदाचित. तोपर्यंत तुमच्या अंगावर मी ते घातलं तर त्या मेडिकलवाल्यात आणि माझ्यात फरक काय?"

माझ्यावर प्रयोग करतील म्हणून मी घाबरले होते. करत नाहीत म्हणून रागावले होते. त्या नुसत्या उभ्या होत्या, काळी बोटं पुढे करून.

त्या दिवशी मी तरोट्याचं खरं सांगितलं. भाजीचं, आणि नायट्याला वाटून लावतात त्याचं. पालाही लावतात, बिया ताकात भिजवूनही लावतात. आईनं कशी लावली होती, किती दिवस, आणि कोणाला गुण आला नाही तेही. मॅडमांनी सगळं लिहून घेतलं. बियांच्या शब्दाशी थांबून म्हणाल्या, "ढोरंही खात नाहीत म्हणालात ना?"

"खोटं बोलले जी."

"माहितीय. चेहऱ्यावर लिहिलं होतं, आणि मराठीत होतं."

आता नायटा गेलाय. कमरेवर काळपट खूण राहिली आहे, तीही जाईल म्हणतात. सिंकवर मॅडमांनी मराठीत कागद लावलाय, कोणतं पाणी कधी आणि का. 'का'च्या खाली रेघ आहे. ज्या पाण्यात काहीच नाही ते शेवटी, कारण आपल्याला मागे काहीच ठेवायचं नसतं. मला ते आता पटतं, पण रोज वाचते.

मॅडमांना मी सांगितलं आहे की ज्या दिवशी ते औषध माणसांना लावून बघायचं ठरेल, रीतीनं, डॉक्टरांच्या परवानगीनं, त्या दिवशी मला बोलवायचं. त्या म्हणाल्या, "तोपर्यंत तुम्हाला नायटा नसावा अशी माझी इच्छा आहे, ताई. तुम्ही उपयोगाच्या नाही." मग निरोगी माणसंही लागत असतील ना, असं मी विचारलं. त्या ताटल्या मोजायला लागल्या. लागतात, हे मला काकांनी नंतर सांगितलं.

तेव्हा मी भंडाऱ्याला असेन की कात्रजला, माहीत नाही. जिथं असेन तिथून येईन, हात पुढे करीन. त्यांच्या उपकाराची फेड मला दुसऱ्या कशानं जमणार नाही, ह्यानं जमेल. सही करायच्या आधी कागद मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेईन, शब्दाशब्दावर बोट ठेवून. तेही त्यांनीच शिकवलंय.